तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: ओडीएसटीच का?

हॅलो या एक्सबॉक्सवरच्या गोळीबाराच्या मालिकेत एवढे गेम असताना तुझा आवडता ‘हॅलो ३: ओडीएसटी’च कसा काय, हा प्रश्न मला ऑनलाइन खेळताना अनोळखी पोरांनी विचारलाय, ऑफिसातल्या ज्युनिअर मुलांनी विचारलाय, चुलतभावानं लग्नाच्या पंगतीत विचारलाय आणि आता दादानं पण विचारला. प्रश्नाच्या पाठोपाठ कारणंही येतातच. त्यात हॅलोचा नेहमीचा हिरो मास्टर चीफ नाही. लहान आहे. मेन स्टोरीला त्यानं काही फरक पडत नाही. मुळात एक्सपान्शन होता आणि फुल्ल किमतीला विकला. एकानं तर मुलगी आहेस म्हणून तुला पावसाचा आणि पियानोचा गेम आवडत असणार असंही सांगितलं, त्याला मी उत्तर देणार नाही.

बाकीचं सगळं मला मान्य आहे. २००८ च्या ऑक्टोबरात टोकियोत हॅलो बनवणाऱ्या बंजीनं तो ‘रेकॉन’ नावानं दाखवला तेव्हा हॅलो ३ ला जोडायचा एक छोटा तुकडा एवढाच बेत होता, करता करता तो वाढला आणि २२ सप्टेंबर २००९ ला साठ डॉलरचा स्वतंत्र गेम म्हणून आला. वर एक दुसरी डिस्क, हॅलो ३ चं मल्टिप्लेअर सगळ्या मॅपसकट, जी आमच्याकडं नुसती डब्यात पडून होती कारण ऑनलाइन खेळायला लाईव्हचे पैसे कोण भरणार. घाईनं खेळलात तर कॅम्पेन, म्हणजे गोष्टीचा भाग, दोन संध्याकाळीत उरकतं, हेही खरं. मग मी इतकी वर्षं काय उत्तर द्यायची, तर ओडॉनेल आणि साल्वातोरी यांचं म्युझिक बघा, हॅलोत कुणी सॅक्सोफोन ऐकला होता का आधी, सायलेन्सर लावलेली एसएमजी बंदूक बघा, फायरफाइट, म्हणजे लाटांमागून लाटांनी येणाऱ्या शत्रूंपुढं टिकून राहायचा प्रकार, इथंच सुरू झाला ते बघा. त्यातलं एकही खोटं नाही. पण दुकानदार माल दाखवतो तशी मी ती कारणं एकेक पुढं ठेवायची आणि समोरच्याला ती पटायची नाहीत, आणि घरी आल्यावर मलाही वाटायचं की आपण भलतंच बोलून आलो.

आता नीट सांगते. हॅलो २ आठवतोय ना, त्यात न्यू मोंबासा येतं. केनियाच्या किनाऱ्यावरचं ते शहर, साल २५५२, चीफ तिथं लढतो, पूल ओलांडतो, आणि मग शत्रूच्या एका पुढाऱ्याचं, प्रॉफेट ऑफ रिग्रेटचं, जहाज शहराच्या डोक्यावरच स्लिपस्पेसमध्ये, म्हणजे ताऱ्यांमधल्या प्रवासाच्या वाटेत, उडी घेतं आणि चीफ त्याच्या मागं निघून जातो. आपणही जातो त्याच्याबरोबर, नवीन हॅलो, म्हणजे अंतराळातलं महाकाय कडं, नवीन लढाया. ज्या शहरावर ती उडी झाली त्याचं पुढं काय झालं हे मी तरी तेव्हा विचारलं नव्हतं, तुम्ही विचारलं होतं का? ओडीएसटी म्हणजे आकाशातून खाली सोडले जाणारे सैनिक, त्यांच्या नावाचा हा गेम एवढंच विचारतो. त्या धक्क्यानं रूकीचा, म्हणजे आपण खेळतो त्या नवख्या सैनिकाचा, खाली सोडलेला ड्रॉप पॉड भरकटतो, तो बेशुद्ध पडतो आणि सहा तासांनी जागा होतो तेव्हा रात्र झालेली असते, पाऊस असतो, आणि त्याच्या टीमचा पत्ता नाही. मग तो रस्त्यांवरून फिरतो. कुठं टीमबरोबरच्या डेअरचं हेल्मेट पडलंय, कुठं वाकलेली स्नायपर, कुठं जखमेत भरायच्या बायोफोमचा रिकामा डबा. एकेक वस्तू हातात घेतली की ती तिथं कशी आली ते टीममधल्या कुणीतरी होऊन आपण खेळतो, बक, डच, मिकी, रोमिओ. सुरुवातीचा एक झाला की पुढचे कुठल्याही क्रमानं सापडू शकतात, म्हणजे संध्याकाळ आधी कळते आणि दुपार नंतर. जे झालं ते होऊन गेलेलं असतं. रूकी त्यातलं काही बदलू शकत नाही.

आमच्याकडं एक्सबॉक्स ३६० आणला दादानं, गोव्यातल्या कुणाकडून तरी सेकंडहँड. उद्यमबागेत लेथवर होता तेव्हा तो. आमचा टीव्ही जुना डब्बा टीव्ही, त्यावर न्यू मोंबासाची रात्र म्हणजे काळं फडकं, सतत व्हिझर, म्हणजे हेल्मेटमधली अंधारात दिसायची सोय, लावूनच फिरावं लागायचं, मग शत्रू लाल कडांचे आणि आपली माणसं हिरव्या कडांची दिसायची. दादाला गेम बोअर व्हायचा. “अगं काय बघुलीस त्या रिकाम्या रस्त्यात, चल फायरफाइट लाव.” फायरफाइट मात्र आम्ही जेवणं विसरून खेळायचो, स्क्रीनचे दोन तुकडे करून. त्यात सगळ्यांच्या लाइफ एकाच खात्यातून जातात, एकानं उगाच मरून वाया घालवल्या की दुसऱ्याच्याही संपल्या. यावरनं आमची कडाक्याची भांडणं व्हायची. तेव्हा मलाही फायरफाइटच जास्त आवडायचं, हे कबूल करायला हवं, आणि इथंच माझी जुनी मी मला अडवते की बाई, तेव्हा आवडत नव्हता मग आता कसला गळा काढतेस.

दादा आणि बाबांचं काय होतं ते बेळगावकडच्या माणसाला वेगळं सांगायला नको. दादा मराठी मीडियमचा, इथल्या सरकारी नोकरीला कन्नड लागतं, ते त्याला बोलता यायचं पण लिहायला नाही. त्याला पुण्याला जायचं होतं. बाबा १९८६ ला कन्नडसक्तीच्या विरोधात रस्त्यावर होते, पाठीवर काठ्या खाल्लेल्या, दर एक नोव्हेंबरला काळ्या दिवसाच्या फेरीला न चुकता जाणारे. त्यांचं एकच, आम्ही इथं मार खाल्ला तो काय तुम्ही पळून जावं म्हणून? आणि दादाचं एकच, मग मी इथं खाऊ काय? दोघांचंही मला पटायचं, त्यामुळं मी गप्प बसायची.

जुलै महिना होता. मी खानापूरला आत्याकडं गेलेले, परत यायला रात्र झाली, एसटी रखडत आली आणि शहापुरात उतरले तर सगळ्या गल्लीची लाईट गेलेली. घरात बाबा कॉटवर बसलेले, आई आत. दादा कुठाय म्हटलं तर आई म्हणाली गेला. कुठं गेला? गेला एवढंच. दुपारी भांडण झालं होतं हे शेजारच्या काकूंनी दारातनं खुणेनं सांगितलं. फोन लावला, बंद. मी चप्पलसुद्धा न बदलता स्कूटी काढली. बाबा म्हणाले, “बस घरात, येईल तो.” मी ऐकलं नाही, बाबांचं न ऐकण्याची ती माझी पहिलीच वेळ असेल.

आधी गेले टिळकवाडीत दुसऱ्या गेटापाशी, तिथल्या चहाच्या गाड्यावर तो रोज असायचा. गाडावाला आवरत होता. म्हणाला, चारच्या सुमाराला आलेला, बॅग होती, दोन चहा घेतले, आणि उधारी सगळी फेडली बघा. उधारी फेडली हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला, कारण दादा उधारी फेडणाऱ्यातला नव्हता. गेट पडलेलं, मालगाडी संपता संपेना, मी रेनकोटशिवाय तशीच भिजत उभी. तिथनं उद्यमबाग. कारखान्याचं फाटक बंद, वॉचमन खोपटात शेगडीपाशी बसलेला, त्याला मराठी यायचं नाही आणि माझं कन्नड घाबरल्यावर पळून जातं. दादाचं नाव घेतलं तर “ह्वाद री, ह्वाद” म्हणत त्यानं हातानं लांब दाखवलं. मग त्यानं आतनं सेकंड शिफ्टच्या एका पोराला बोलावलं. तो म्हणाला सकाळीच हिशोब करून घेतला त्यानं, माझ्याकडं मापायचा व्हर्नियर ठेवून गेलाय, म्हणाला वापर, मला आता नको.

सकाळीच. म्हणजे भांडण दुपारी झालं आणि हिशोब सकाळी. म्हणजे भांडणामुळं गेलाच नव्हता तो, जायचं ठरवून मग भांडला होता. हे बाबांना कधी कळलं की नाही मला माहीत नाही, मी तरी सांगितलेलं नाही. त्यांना अजून वाटतं की त्या दुपारी आपण दोन शब्द कमी बोललो असतो तर पोरगं राहिलं असतं.

तिथनं खडेबाजारात त्याच्या मित्राचं मोबाइलचं दुकान, ते बंद, पण मित्र वरच राहायचा. त्यानं खिडकीतनंच सांगितलं की जुनं सिम काढून ठेवलंय, नवं तिकडं घेणार म्हणाला, तुला माहीत नव्हतं? त्या “तुला माहीत नव्हतं?”चा राग मला अजून येतो. शेवटी स्टँड. ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात एक पोरगा पावत्या मोजत बसलेला, त्याला फोनमधला फोटो दाखवला, तो म्हणाला हां हां, पाचच्या पुणे गाडीला बसवला मीच. तेव्हा ती गाडी कराडच्या पुढं गेली असेल. मी तिथल्या बाकड्यावर बसले आणि पहिल्यांदा रडले. तो गेला म्हणून नाही. चहावाल्याला, लेथवरच्या पोराला, मोबाइलवाल्याला, सगळ्यांना तो नीट भेटून गेला होता. मी खानापुरात होते, फोन चालू होता, रेंज होती.

घरी आल्यावर दिसलं की एक्सबॉक्स तिथंच आहे, दोन कंट्रोलर होते त्यातला एक नाही. एक्सबॉक्स नेला असता तर समजलं असतं, विकून चार पैसे आले असते. नुसत्या कंट्रोलरचं पुण्यात काय करणार होता तो? हे मी त्याला आजवर विचारलेलं नाही.

त्याचा फोन आला बऱ्याच दिवसांनी, बरं चाललंय, रूम मिळाली वगैरे. पण त्याच्या आधीच एका रात्री मी ओडीएसटी एकटीनं लावला होता, आणि तेव्हा ते रिकामे रस्ते रिकामे राहिलेच नाहीत. गेम तोच होता. तोच किझिंगो बुलेव्हार्ड, तेच किकोवानी स्टेशन. पण कुणाची तरी वस्तू रस्त्यात पडलेली दिसणं आणि तिच्यावरनं त्याची दुपार कशी गेली ते कळणं, आणि कळल्यावर तू तिथं नव्हतीस एवढंच हातात उरणं, हे कुणीतरी आधीच बसून, विचार करून, बनवून ठेवलंय असं मला वाटलं. चीफ असता तर हे होऊच शकलं नसतं. चीफची शील्ड आपोआप भरते, रूकीला मेडकिट शोधत फिरावं लागतं. चीफ कुठंही वेळेवर पोचतो. आणि चीफ निघून जाणाऱ्यातला आहे, ओडीएसटी मागं राहिलेल्यांचा आहे.

सेडीचे ऑडिओ लॉग तुम्ही सगळे गोळा केलेत का? तीस आहेत, रस्त्यावरच्या फोनमधनं, मशिनींमधनं लपवलेले. केले नसतील तर कृपा करून लहान गेम म्हणू नका. त्यांत सेडी नावाची मुलगी आपल्या बापापर्यंत पोचायचा प्रयत्न करतेय आणि शहराचा सुपरिंटेंडंट, म्हणजे ट्रॅफिकपासनं कचऱ्यापर्यंत सगळं चालवणारा एआय, तिला वाचवायला धडपडतोय, आणि त्याच्याकडं बोलायला स्वतःचे शब्द नाहीत, फक्त पाट्यांवरच्या आणि अनाउन्समेंटच्या ठरलेल्या ओळी. त्या ओळींतनंच तो माया करतो. आमचे बाबा असेच आहेत, “जेवलास का” आणि “गाडी हळू चालव” या दोन वाक्यांवर त्यांचं आणि दादाचं सगळं नातं चालतं आता. हे मला लॉग ऐकताना सुचलं, आधी नव्हतं सुचलेलं.

मागं एकदा मी मित्रमंडळींत बोलताना म्हटलं होतं की बेळगावच मराठीचं ओडीएसटी आहे, मेन स्टोरी पुण्यामुंबईत चालू आणि आम्ही इकडं स्पिनऑफ. सगळ्यांना फार आवडलं ते, अजून काहीजण मला ऐकवतात. मला ते आता आवडत नाही. आम्ही कुणाच्या गोष्टीला जोडलेला तुकडा नाही, इथं माणसं पूर्ण जगतात. पण मग त्या दिवशी म्हणाले ते अगदीच खोटं होतं का, तर तसंही नाही, एक नोव्हेंबरला बाबा काळी पट्टी बांधून निघतात तेव्हा मला परत तसंच वाटतं. राहू दे, हे मिटणारं नाही.

‘हॅलो: रीच’ हा गेम जास्त चांगला आहे असं म्हणणाऱ्यांशी मी भांडत नाही, चांगलाच आहे. फक्त तिथं ग्रह पडणार हे सुरुवातीलाच माहीत असतं, आणि मला त्या रात्री काहीच माहीत नव्हतं.

आता दादाचं. २०२० च्या सप्टेंबरात ओडीएसटी पीसीवर आला, फायरफाइटसकट, तेव्हापासनं आम्ही अधूनमधून खेळतो, तो तिकडनं मी इकडनं. परवा मध्येच त्यानं विचारलं, तुला हाच का आवडतो गं? मी म्युझिक, एसएमजी सगळं सांगितलं. तो म्हणाला, नाही, तुला आवडतो कारण त्यात शेवटी सगळी टीम जिवंत सापडते. मी काही बोलले नाही, वेव्ह चालू होती. पण ते बरोबर नाही. शेवटाकडं डेटा हाइव्हच्या टप्प्यात डेअर सापडली की माझा जीव त्यात उरत नाही, शेवटची कोस्टल हायवेवरची पळापळ मी नंतर फारशी खेळतही नाही, मला ते आधीचे रस्तेच हवे असतात. आणि तरी समजा एकेक वस्तू शोधल्यावर शेवटी कुणीच सापडलं नसतं, तर मी तो परत लावला असता का? या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नाही. त्यामुळं दादा चुकला असं छातीठोकपणे म्हणता येत नाही मला, पण ते मला त्याच्या तोंडून ऐकायचं नव्हतं.