माणसं मेल्याशिवाय काहीच बदलत नाही का?

मी इतिहास शिकवते. अमेरिकेतल्या कामगार चळवळीचा भाग संपला की हा प्रश्न हमखास येतो. विचारणाऱ्याच्या मनात असते न्यूयॉर्कच्या ट्रँगल या कपडे शिवण्याच्या कारखान्याची आग. २५ मार्च १९११, शनिवार, काम सुटायची वेळ. १४६ जीव गेले, त्यात बहुतेक ज्यू आणि इटालियन स्थलांतरितांच्या तरुण मुली. पुढच्या काही वर्षांत न्यूयॉर्क राज्याने तीसहून अधिक कामगार कायदे केले. मग वाटतं, आगीनेच सुधारणा घडवली.

तुम्हीही हाच प्रश्न विचारलात म्हणून सांगते, मला हे पटत नाही. त्या मुलींनी आधी काय केलं होतं, ते यात पुसून जातं. नोव्हेंबर १९०९ मध्ये न्यूयॉर्कमधल्या कूपर युनियन या महाविद्यालयाच्या सभागृहात शिवणकामगारांची सभा भरली होती. पुढाऱ्यांची भाषणं संपता संपेनात. तेव्हा क्लारा लेमलिक ही तेवीस वर्षांची शिवणकामगार उठली आणि यिडिशमध्ये, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेत, म्हणाली, बोलणं पुरे झालं, आता संप करू. थोड्याच आठवड्यांपूर्वी भाडोत्री गुंडांनी तिच्या बरगड्या मोडल्या होत्या! वीस हजारांवर कामगार रस्त्यावर उतरले, त्यात बहुतेक बायकाच. ट्रँगलच्या मालकांनी पगार आणि तासांबाबत थोडं नमतं घेतलं, संघटनेला मात्र मान्यता दिली नाही.

नवव्या मजल्यावरचं एक दार कुलूपबंद असायचं. कुणी माल चोरून नेऊ नये, जाताना प्रत्येकीची पिशवी तपासता यावी म्हणून. आगीच्या दिवशीही ते बंद होतं आणि बंबाच्या शिड्या सहाव्या मजल्यापर्यंतच पोचत होत्या. ढिगाऱ्यातून काढलेलं कुलूप खटल्यात पुरावा म्हणून मांडलं गेलं. दार बंद असल्याचं मालकांना ठाऊक होतं, हे सिद्ध झालं नाही आणि ते सुटले. हे शिकवताना माझा आवाज आजही चढतो.

ती आग फ्रान्सिस पर्किन्स या सामाजिक कार्यकर्तीने डोळ्यांनी पाहिली. पण बेकऱ्यांची तळघरं तपासणं, बायकांच्या कामाचे तास आठवड्याला ५४ वर यावेत म्हणून आमदारांच्या पाठी लागणं, हे तिचं आधीपासूनच चालू होतं. म्हणून आगीनंतर कारखान्यांच्या पाहणीसाठी चौकशी आयोग नेमला गेला तेव्हा सदस्यांना नेमकं कुठे न्यायचं, हे तिला माहीत होतं. आयोगाचे अध्यक्ष रॉबर्ट वॅग्नर यांना तिने एका कारखान्याच्या भिंतीतल्या छोट्याशा भोकातून रांगत बाहेर जायला लावलं. बाहेर बर्फाने माखलेली शिडी होती, जमिनीच्या बारा फूट वरच संपणारी. भोकापाशी पाटी होती: आगीत बाहेर पडण्याचा मार्ग.