दोन चौकटींचं भांडण

आमच्या गटातला सगळ्यात कडवट वाद एका अर्जातल्या दोन चौकटींवरून झाला. एक 'पहिलं नाव', दुसरी 'आडनाव', आणि दोन्हींपुढे लाल तारा. म्हणजे दोन्ही भरल्याशिवाय पुढे जाताच येणार नाही.

लहान ग्रंथालयांना सभासदांची नोंद ठेवता यावी म्हणून वेगवेगळ्या देशांतले स्वयंसेवक मिळून एक मुक्त संगणकप्रणाली तयार करतात. मी त्यात भाषांतराचं काम करते. आमची सगळी चर्चा लेखी आणि इंग्रजीत चालते, पण इंग्रजी मातृभाषा असलेले त्यात जेमतेम दोघं-तिघं. वाद हाताबाहेर गेला तेव्हा तो सांभाळायचं काम माझ्याकडे आलं, कारण भांडणाऱ्या दोघांशीही माझं बरं होतं. पुढच्या तीन आठवड्यांत मी काय केलं, त्यातलं काय चुकलं आणि काय कामाला आलं, ते लिहून ठेवते आहे.

सुरुवात साधी होती. इंडोनेशियातल्या एका भाषांतरकार मैत्रिणीचं नाव एकाच शब्दाचं आहे. तिकडे, विशेषतः जावामध्ये, यात काही विशेष नाही. देशाचे पहिले दोन राष्ट्राध्यक्ष, सुकार्नो आणि सुहार्तो, दोघांचीही नावं एकेका शब्दाचीच. आमचा अर्ज भरताना तिला आडनावाच्या चौकटीत एक टिंब टाकावं लागायचं. ती चौकट ऐच्छिक करा, एवढंच तिनं सुचवलं होतं. सभासदांच्या यादीचा भाग ज्यानं लिहिला होता त्या नेदरलँड्समधल्या प्रोग्रॅमरनं विरोध केला. 'याला काही अर्थ नाही, आडनाव नसेल तर यादी लावायची कशी?' असं त्यानं लिहिलं. तिनं उत्तर दिलं, 'यावर अजून थोडा विचार व्हायला हवा असं वाटतं.' त्यानं आणखी कारणं दिली. त्यात एक असं होतं की इंडोनेशियातच २०२२ च्या नियमाप्रमाणे नाव किमान दोन शब्दांचं असावं लागतं, मग तुमच्याच सरकारला जे पटलं ते आम्ही का बदलायचं? नियम खरा आहे, पण तो नव्या नोंदींसाठी. आधीची एकशब्दी नावं तशीच राहतात. तिनं तेही सांगितलं, अगदी हळू आवाजात, आणि पुन्हा लिहिलं, 'कदाचित थोडी घाई होतेय.' तिसऱ्यांदाही तसंच काहीतरी. शेवटी त्याच्या एका लांबलचक संदेशाखाली तिनं अंगठ्याची खूण टाकली.

दुसऱ्या दिवशी त्यानं बदल करून टाकला. तिनं मागितला होता त्याच्या उलटा: आता आडनावात नुसतं टिंब टाकलं तर अर्ज नाकारला जाणार होता.

तिनं एकच ओळ लिहिली: 'आता माझ्यासारखं नाव असलेल्या माणसाला या ग्रंथालयाचं सभासद होता येणार नाही.'

एका रात्रीत त्या ओळीखाली चाळीसेक संदेश जमले. त्यातले बहुतेक या दोघांपैकी कुणाचेच नव्हते. दोन्ही देशांशी काही संबंध नसलेल्या एकानं 'वसाहतवादी मानसिकता' हे शब्द वापरले, आणि तिथून चौकटी बाजूला राहून इतिहास सुरू झाला. इंडोनेशियानं १९४५ मध्ये स्वातंत्र्य जाहीर केलं आणि नेदरलँड्सनं ते मान्य करायला १९४९ उजाडलं. मधली चार वर्षं रक्तपाताची होती. ही जखम खोटी नाही. पण ती तिची होती, आणि तो विषय काढायचा की नाही हे तिनं ठरवायचं होतं. तिच्या वतीनं दुसऱ्याच कुणीतरी ती उघडी केली, याचं मला आजही वाईट वाटतं. त्या गदारोळात तिच्याबरोबर काम करणारे दोघं गट सोडून गेले.

आमच्याकडे आचारसंहिता आहे. बरेच मुक्त प्रकल्प 'कॉन्ट्रिब्युटर कव्हनंट' नावाचा २०१४ पासूनचा तयार मसुदा वापरतात, आम्हीही तोच घेतलाय. शिवीगाळ नको, वैयक्तिक हल्ला नको, छळ नको. मी ती पुन्हा नीट वाचली. वसाहतवादाचा शेरा ते नियम मोडत होता, तो मी काढला आणि लिहिणाऱ्याला कारण कळवलं. पण मूळच्या दोघांनी एकही नियम मोडलेला नव्हता. दोघंही नियमात राहून एकमेकांना खोलवर दुखवून बसले होते.

पहिलं काम म्हणून मी चर्चा दोन दिवसांसाठी बंद केली. १९९५ मध्ये इंटरनेटवरच्या शिष्टाचाराची एक टिपणी निघाली होती, आरएफसी १८५५. भावनेच्या भरात लिहिलेलं उत्तर पाठवण्याआधी एक रात्र जाऊ द्या, असा साधा सल्ला तिच्यात आहे. आमच्या बाबतीत रात्रीचा आणखी एक घोळ होता. तो दिवसभराचं काम आटोपून, थकून, रात्री उशिरा लिहायचा, आणि ते शब्द तिच्या पहाटे, डोळे उघडताच तिच्यासमोर यायचे. त्याच्या दिवसाचा शेवटचा वैताग रोज तिच्या दिवसाची सुरुवात करत होता.

मग माझ्याकडून मोठी चूक झाली. एडवर्ड हॉल या मानववंशशास्त्रज्ञानं १९७६ मध्ये मांडलेली विभागणी मला माहीत होती: काही समाजांत सगळं शब्दांत सांगितलं जातं, काहींत बरंचसं संदर्भावर सोडलेलं असतं. ते मला चपखल वाटलं. मी दोघांना खासगी संदेश पाठवले. तिला लिहिलं, डच लोक रोखठोक असतात, मनावर घेऊ नका. त्याला लिहिलं, त्यांच्याकडे तोंडावर नाही म्हणत नाहीत, तुम्ही समजून घ्यायला हवं होतं.

तिचं उत्तर आलं: 'त्यांचं बोलणं मला नीट कळलं. मला ते चूक वाटतं.' त्याचं आलं: 'मी रोखठोक बोलत नव्हतो, मी चिडलो होतो. का चिडलो होतो, हे कुणी विचारलंच नाही.'

दोन्ही वाक्यांनी मला लाज वाटली. ज्ञान दाखवण्याच्या नादात मी दोन माणसांना त्यांच्या देशांचे नमुने करून टाकलं होतं. तिच्या आक्षेपाचं मी गैरसमजात रूपांतर केलं, त्याच्या रागाचं सवयीत. दोघांच्याही म्हणण्यातला मुद्दा त्यात हरवला. त्यानंतर मी एक गोष्ट पाळते: अमुक देशातली माणसं अशी असतात हे वाक्य मनात आलं, की ते उत्तर म्हणून लिहायचं नाही. त्याचा प्रश्न करून त्या माणसालाच विचारायचा.

त्या रात्री मी सगळी चर्चा पुन्हा वाचायला घेतली आणि वाचता वाचता मनात मराठी करू लागले. तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू'. पण माझ्या मनातल्या मराठीत तिचं प्रत्येक वाक्य 'तुम्ही'मध्ये येत होतं आणि त्याचं 'तू'मध्ये. 'तू हे वाचलंस का?' 'तुझ्या लक्षात येत नाहीये.' तो तू त्यानं लिहिलाच नव्हता, मी घातला होता. त्याच्या डच भाषेतही तू-तुम्हीसारखा फरक आहे, तिच्या भाषेत तर त्याहून बारीक छटा आहेत. प्रत्येकजण त्या सपाट इंग्रजी शब्दात आपापल्या भाषेतला मान-अपमान भरत होता. मी त्याचे संदेश मुद्दाम 'तुम्ही' घालून पुन्हा मराठीत केले. 'तुम्ही हे वाचलंत का?' निम्मा उद्धटपणा तिथेच गेला. उरलेला निम्मा खरा होता, आणि तो नेमका कुठल्या वाक्यांत आहे हे आता बोट ठेवून दाखवता येत होतं. अजूनही कुणाचा संदेश खुपला की मी हेच करते.

लेखी शब्दांतून सूर कळत नाही हे संशोधनातूनही दिसलं आहे. जस्टिन क्रुगर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात, आपली ईमेल गंभीर आहे की उपरोधिक हे वाचणाऱ्याला ७८ टक्के वेळा कळेल असं लिहिणाऱ्यांना वाटत होतं. प्रत्यक्षात ते कळलं ५६ टक्के वेळा, म्हणजे नाणं उडवून ठरवण्यापेक्षा किंचित जास्त. आवाज ऐकणाऱ्यांना बरंच अधिक ओळखता आलं. म्हणून मी सुचवलं, की आपण तिघं व्हिडिओ कॉलवर बोलू. तो लगेच तयार झाला. तिनं नकार दिला, आणि या वेळी अगदी सरळ: 'लिहिताना मी शब्दकोश उघडू शकते. बोलताना ज्याचं इंग्रजी वेगवान तो जिंकतो.' समोरासमोर बोलून प्रश्न सुटतो हे माझं गृहीतक होतं. तो ज्यांना ती भाषा सहज येते त्यांच्यासाठी सुटतो, हे मला तिच्याकडून कळलं. आम्ही लेखीच राहिलो, फक्त वेग कमी केला. दिवसाला प्रत्येकी एक संदेश.

मग मी दोघांसमोर एक अट ठेवली. अनातोल रॅपोपोर्ट या अभ्यासकानं १९६० च्या सुमारास मांडलेली ही पद्धत आहे: आपलं म्हणणं मांडण्याआधी समोरच्याचं म्हणणं इतकं नेमकं मांडायचं, की तो म्हणेल, 'हो, मला हेच म्हणायचं होतं.' तोवर स्वतःचा मुद्दा नाही. कागदावर हे सोपं दिसतं. त्याला तीन प्रयत्न लागले. पहिल्यात त्यानं लिहिलं, 'तिला चौकट रिकामी ठेवायची आहे.' ती म्हणाली, नाही. दुसऱ्यात 'तिला अपवाद हवा आहे.' पुन्हा नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं लिहिलं, 'तिचं नाव पूर्ण आहे, आणि आमचा अर्ज तिला सांगतो की ते अर्धं आहे.' यावर तिचं उत्तर फक्त 'हो' असं होतं. तो एक शब्द वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

तिनं त्याचं म्हणणं मांडलं: 'त्यांना यादी बरोबर लावायची आहे.' तो म्हणाला, बरोबर, पण एवढंच नाही. तेव्हा मला तो प्रश्न सुचला जो खरंतर पहिल्या दिवशी विचारायला हवा होता. मी दोघांना विचारलं, अर्ज भरताना तुमच्या स्वतःच्या नावाचं आजवर काय काय झालं आहे?

तिनं व्हिसाबद्दल लिहिलं. एकच नाव असलेल्यांच्या अमेरिकी व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी 'एफएनयू' छापतात, म्हणजे 'पहिलं नाव अज्ञात'. पुढे लोक तेच नाव समजून हाक मारतात. त्यानंही लिहिलं. त्याच्या आडनावाआधी 'व्हॅन डेर' आहे. नेदरलँड्समध्ये असं नाव यादीत मुख्य शब्दाच्या अक्षराखाली लावतात, शेजारच्या बेल्जियममध्ये ते 'व्ही'खाली जातं. परदेशी प्रणालींत तो कधी इकडे सापडायचा, कधी तिकडे. कुठे 'व्हॅन' हे त्याचं मधलं नाव झालं होतं, कुठे 'डेर' गायब. नावाचे तुकडे कुठे पडतात हे माणसानं स्वतः सांगावं, यंत्रानं ठरवू नये, म्हणून त्यानं आडनावाची वेगळी चौकट इतक्या हट्टानं धरली होती.

तिनं ते वाचून लिहिलं, 'म्हणजे तुमचंही नाव त्यांनी मोडलं.'

यानंतर तोडगा निघायला दोन दिवसही लागले नाहीत. एकच अनिवार्य चौकट: 'पूर्ण नाव', कितीही शब्दांचं. दुसरी, ऐच्छिक: 'यादीत कुठल्या शब्दाखाली लावू?' तिसरी, तीही ऐच्छिक: 'तुम्हाला काय म्हणून हाक मारू?' इतके दिवस गप्प असलेले लोक मग पुढे आले. हंगेरीतल्या एकानं सांगितलं की त्यांच्याकडे आडनाव आधी येतं. आइसलँडमधल्या एकीनं सांगितलं की तिथे बहुतेकांना घराण्याचं आडनावच नसतं, वडिलांचं किंवा आईचं नाव लावतात, आणि दूरध्वनीची छापील यादीही पहिल्या नावानं लावली जायची. ही माहिती गटात पहिल्यापासून होती. आरडाओरडीत ती मांडायची कुणाची इच्छा झाली नव्हती.

अंगठ्याची गोष्टही उलगडली. तिच्यासाठी त्या खुणेचा अर्थ 'वाचलं' असा होता, त्याच्यासाठी 'मान्य'. तेव्हापासून आमच्याकडे संमती फक्त शब्दांत धरली जाते. 'मला मान्य आहे' किंवा 'मला मान्य नाही', आणि यातलं काहीच न आल्यास निर्णय झालेला नाही असं समजायचं. 'विचार व्हायला हवा' असं कुणी लिहिलं की विचारायचं, 'म्हणजे तुमचं उत्तर "नाही" असं आहे का?' हा प्रश्न आधी मला उर्मट वाटायचा. आता तो मला आदराचा वाटतो, कारण त्यात समोरच्याला उत्तर द्यायची जागा आहे.

नवा अर्ज तयार झाल्यावर तो सगळ्यात आधी तिनं भरून पाहिला. पूर्ण नावात एक शब्द, बाकी चौकटी रिकाम्या. नोंद झाली. त्यानं खाली विचारलं, 'चालतंय?' तिनं लिहिलं, 'चालतंय. मला मान्य आहे.'

गट सोडून गेलेल्या त्या दोघांना मी नव्या अर्जाचं चित्र पाठवलं आहे. एकाचं उत्तर आलं. दुसऱ्याचं अजून आलेलं नाही. त्यांना पुन्हा लिहिणार आहे.