प्रतिकारशक्ती चांगली होती, मग पसरला कसा?

प्रतिकारशक्ती चांगली असूनही कॅन्सर पसरतो कसा, हे तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. बायोप्सीचे तुकडे तपासणं हे माझं काम. बायोप्सीचा रिपोर्ट न्यायला आलेले नातेवाईक हमखास म्हणतात, "मॅडम, आण्णांना कधी साधी गोळी लागली नाही. तालमीतलं शरीर, कट्ट्यावरचं धारोष्ण दूध. मग फुप्फुसातला कॅन्सर मेंदूत पोचलाच कसा? प्रतिकारशक्ती कुठं गेली?"

कुठं गेलेली नसते. बऱ्याचदा मला ती सूक्ष्मदर्शकाखाली स्लाइडवर दिसते. मधे कॅन्सरच्या मोठ्या, वेड्यावाकड्या पेशींचे पुंजके आणि कडेनं लिम्फोसाइटचे, म्हणजे प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशींचे, गर्द जांभळे ठिपके दाटलेले. कोल्हापूरच्या खासबाग कुस्ती मैदानात पैलवान तर जमलेत, पण हौद्यात कुणी उतरत नाही, असलं दृश्य. गाठीभोवती तंतूंचं दाट जाळं असतं, ते त्यांना आत जाऊ देत नाही. जे आत जातात त्यांना सामोरं येतं पीडी-एल१ हे प्रथिन. कॅन्सरच्या पेशीवरचं हे प्रथिन टी पेशीवरच्या (लिम्फोसाइटचाच एक प्रकार) पीडी-१ या प्रथिनाला चिकटलं की टी पेशी हल्ला सोडून देते. एरवी हा लगाम हवाच, नाहीतर प्रतिकारशक्ती आपल्याच अवयवांवर उठली असती. कॅन्सर नेमका तोच खेचतो.

एवढ्यावर भागलं असतं तर गाठ जागेवरच वाढली असती. पसरायला तिला मदतनीस लागतात. कोल्हापूरच्या शिरोली, उद्यमनगरातल्या फौंड्रीत, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यात, हयात गेलेल्या माणसाच्या फुप्फुसात काळ्या कणांनी पोट भरलेल्या मॅक्रोफेज पेशी दिसतात. याही प्रतिकारशक्तीच्याच पेशी. (बिडी-सिगरेटवर सगळे बोलतात; फौंड्रीतलं काम हेही फुप्फुसाच्या कॅन्सरचं सिद्ध कारण आहे, त्यावर कुणी बोलत नाही.) धूळ आणि जंतू गिळणाऱ्या मॅक्रोफेज जखम झाली की दुरुस्तीलाही धावतात. नव्या रक्तवाहिन्या वाढवायच्या, पेशींमधला चिवट भाग विरघळवून वाट करायची. गाठ रसायनं सोडून त्यांच्याकडून हीच कामं करून घेते आणि झालेल्या वाटेनं कॅन्सरची पेशी रक्तात उतरते. तिथं एनके पेशी (प्रतिकारशक्तीच्या मारेकरी पेशी) तिला मारू शकतात, पण रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट तिच्याभोवती गोळा होऊन तिला झाकतात. तरीही बहुतेक पेशी वाटेतच मरतात. उरलेल्यांतल्या मोजक्या मेंदूत, हाडांत, यकृतात, मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीत मुक्काम ठोकतात.

म्हणून कुणी प्रतिकारशक्ती वाढवणारं चूर्ण दाखवलं की मी उलट विचारते, कुठल्या पेशी वाढवणार? गाठीसाठी राबणाऱ्यासुद्धा?

पीडी-१ आणि पीडी-एल१ ची जोडी तोडून हा लगाम सोडवणारी इंजेक्शनं आहेत. पीडी-१ चा शोध १९९२ मध्ये जपानच्या तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेत लागला. २०१८ चं नोबेल त्यांना आणि अशाच दुसऱ्या लगामावर काम करणारे अमेरिकेचे जेम्स अ‍ॅलिसन यांना मिळालं. फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी ही औषधं २०१५ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली. काहींना त्यांचा गुण वर्षानुवर्षं टिकतो, अनेकांना येतच नाही. लगाम सुटल्यावर फुप्फुस, आतडं, थायरॉइड यांना सूजही येते. खर्च ऐकून माणूस मटकन खाली बसतो.

तेव्हा घरदार गहाण टाकण्याआधी पीडी-एल१ बरोबर ईजीएफआर आणि एएलके या कॅन्सरच्या पेशीतल्या जनुकांच्या तपासण्या झाल्यात का, ते डॉक्टरांना विचारा. ईजीएफआर किंवा एएलकेमध्ये बदल सापडला तर इंजेक्शनांपेक्षा त्या बदलावरच काम करणाऱ्या, रोज घ्यायच्या गोळ्यांचा उपयोग सहसा जास्त होतो. आपल्याकडे, विशेषतः कधी विडीला हात न लावलेल्यांत, ईजीएफआरचा बदल बऱ्यापैकी आढळतो. बायोप्सीचा मेणातला ब्लॉक लॅबमध्ये जपून ठेवलेला असतो. तुकडा पुरेसा असेल तर त्यावरच या तपासण्या होतात, पुन्हा सुई टोचावी लागत नाही.