माळ धरता येईना तेव्हा

श्रावणातली सकाळ होती. तुळशीला पाणी घालायला तांब्या उचलला आणि तो हातातून निसटला. बोटं वळतच नव्हती. मधली पेरं सुजून लाल झालेली. वाटलं, रात्री हातावर झोपले असेन. पण दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. महिन्याभरात दोन्ही मनगटं धरली, मग पायाचे चवडे. सकाळी उठल्यावर दीड-दोन तास अंग लाकडासारखं असायचं.

आमचं गाव गंगाखेडजवळ, गोदाकाठचं. गंगाखेड म्हणजे जनाबाईचं गाव. माझी माय तिचं नाव घेतल्याशिवाय जात्यात पहिली मूठ वैरायची नाही. त्याच घरात मी वाढले. रोज ११ माळा, संध्याकाळी हरिपाठ आणि एकादशी, यात ३० वर्षं खंड नव्हता. आजार आला तेव्हा आधी मोडलं ते हेच. मणी ओढायला अंगठा आणि मधलं बोट लागतं, आणि तीच दोन बोटं आखडली होती.

सुरुवातीला जवळच्या एका दवाखान्यात इंजेक्शन घेतलं. आठ दिवस अंग फुलासारखं हलकं झालं, मग दुखणं दुपटीनं परत आलं. असं तीन वेळा केलं. ते स्टेरॉइड होतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पाच महिने त्यात गेले, त्याचं वाईट अजून वाटतं.

शेवटी लेकीनं छत्रपती संभाजीनगरला सांधेतज्ज्ञांकडे नेलं. रक्तात आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी, म्हणजे आमवाताच्या (रुमेटॉइड आर्थ्रायटिसच्या) खुणा, दोन्ही वाढलेले निघाले. वयानं गुडघे झिजतात तो संधिवात वेगळा आणि हा आमवात वेगळा, असं डॉक्टरांनी समजावलं. यात शरीराची राखण करणारी शक्तीच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या दिल्या आणि चिठ्ठीवर लाल पेननं मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘आठवड्यातून एकदाच’. काही लोक चुकून रोज घेतात आणि ते जिवावर बेततं. मी गुरुवार ठरवला. वेगळ्या दिवशी फॉलिक ॲसिड, आणि ठरल्या वेळी पांढऱ्या पेशी आणि लिव्हर तपासायला रक्त द्यायचं.

वेदनेची गोळी उपाशीपोटी घ्यायची नाही, असं बजावलं होतं. तरी मी एकादशीला नुसत्या पाण्यावर घेतली. संध्याकाळपर्यंत पोटात आग पडली, उलट्या झाल्या. सुनेनं मऊ भात पुढं केला आणि मी तो खाल्ला. ताटावर बसून रडले. सून म्हणाली, “आई, देव काय तुमच्या पोटात आग बघायला बसलाय का?” तेव्हा ते पटलं नाही.

हाताची सूज सगळ्यांना दिसत होती. आतलं कुणाला दिसत नव्हतं. पहाटे तीनला डोळा उघडायचा तो उघडाच. जेवणाला चव नाही, नातवाच्या बोलण्यात मन नाही. देवघरापुढं बसले तरी आत कोरडं. नाम घेत होते, पण दगडावर पाणी ओतावं तसं ते वाहून जायचं. भेटायला येणाऱ्या बाया म्हणायच्या, “भोग हाय तो, भोगूनच संपतो.” एक जण तर म्हणाली, “नामात कुठंतरी कमी पडायलीस बघ.” मला ते खरं वाटलं. मग ११ च्या २१ माळा धरल्या. बोटं चालत नव्हती म्हणून मणी तळहातानं ढकलायचे. राहिलेला आकडा पुरा करायला रात्री दोनला उठायचे.

एका रात्री मनात आलं, उद्या डोळा उघडलाच नाही तर बरं. हे लिहिताना आजही छाती धडधडते, पण अशाच रात्रीत असलेली कुणी बाई हे वाचत असेल म्हणून लिहिते. मी पहाटे लेकीला फोन लावला आणि जसंच्या तसं सांगितलं. ती रागावली नाही. “माय, फोन ठिवू नको, मी निघाले,” एवढंच म्हणाली. ज्यांना असा फोन लावायला कुणी नाही त्यांनी १४४१६ लावावा. ती सरकारची टेली-मानस सेवा आहे, रात्री-अपरात्रीही चालू असते, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

परभणीला मानसोपचार डॉक्टरांकडे गेलो. मी किती जप करते हे आजवर सगळ्यांनी विचारलं होतं. त्यांनी विचारलं, “काकू, जप करताना कसं वाटतं?” मी बराच वेळ गप्प बसले. मग तोंडातून निघालं, “भीती वाटते. राहिला तर काय होईल याची.” ते म्हणाले, “ही भीती आजाराची आहे, देवाची नाही.”

लांबलेल्या दुखण्यात मनही आजारी पडतं, असं पुष्कळ जणांचं होतं, हे त्यांच्याकडून कळलं. त्यांनी दिलेल्या गोळीचा फरक दिसायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात, आणि बरं वाटलं म्हणून ती आपल्या मनानं बंद करायची नाही. घरी आल्यावर मी गोळी हातात घेऊन बसून राहिले. नाम असताना मनाला गोळी कशाला? मालक म्हणाले, “तापाची गोळी घेतीस तवा नाम कमी पडतं का?” मी पाणी प्याले. तिसऱ्या आठवड्यात एकदा डोळा उघडला तेव्हा खिडकीत उजेड आला होता. पाच वाजून गेले होते.

माळ मी देवघरातल्या कोनाड्यात ठेवली. आता सकाळी सून कोमट पाण्याचं घमेलं आणून देते. हात बुडवते. मुठी मिटलेल्या असतात. करंगळीपासून सुरू करते. बोट सरळ करायला जी ओढ बसते, त्या ओढीबरोबर एक नाम. मग दुसरं बोट. पेर कट्ट वाजतं, कळ कोपरापर्यंत जाते, तेव्हा दात आवळून नाही, श्वास सोडत नाम घेते. दहा बोटांची दहा नामं. काही दिवशी सहावर थांबते. पाणी गार होतं, तेवढ्यात पूजा झाली.

या घमेल्यापाशी मला जनाबाई वेगळी दिसली. ती नामदेवांच्या घरी दासी होती. दळण, कांडण, शेणी वेचणं यात तिचे हात काय सुखात असतील? काम सरल्यावर देवाला आठवू, अशी वाट तिनं बघितली नाही. हरिपाठाच्या पहिल्याच अभंगात देवाच्या दारी क्षणभर उभं राहण्याची गोष्ट आहे. ३० वर्षं म्हटलं, पण त्यातल्या ‘क्षणभर’कडं माझं लक्षच गेलं नव्हतं.

कधीकधी कळ येते आणि कळ आली हे जाणणारं माझ्यातलं काहीतरी बाजूला शांत असतं. दोन-तीन श्वास टिकतं, मग जातं. वाईट दिवशी तेही नसतं. त्या दिवशी गोळी घेते, नाम घेते आणि गोड लागलं की नाही हे बघत नाही. औषधं चालूच आहेत. सूज उतरली, पण दोन बोटं वाकडी राहिली ती राहिलीच.

आषाढीच्या आधी शेगावची गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला जाताना गंगाखेडवरून जाते. पूर्वी मी वारकऱ्यांसाठी भाकरी थापायचे, पुढं चालतही जायचे. यंदा रस्त्याकडेला खुर्ची टाकून बसले. सून पाण्याचे पेले भरत होती, मी एकेक दोन्ही तळव्यांत धरून पुढं करत होते. डोक्यावर तुळस घेतलेली एक म्हातारी पाणी पिऊन “माऊली” म्हणत माझ्यापुढं वाकली. मीही हात उचलले. माझे तळवे आता पुरते जुळत नाहीत, मध्ये फट राहते. तसाच नमस्कार केला.