कोलंबसाच्या दीपगृहात: सांतो दोमिंगोतला अर्धा दिवस

डॉमिनिकन प्रजासत्ताक या कॅरिबियन देशाच्या राजधानीत, सांतो दोमिंगोला, उतरणारे बहुतेक प्रवासी जुनं शहर बघतात, एखादी रात्र काढतात आणि पुंता कानाच्या समुद्राकडे पळतात. ओसामा नदीच्या पलीकडे पूर्वेला जो अजस्र काँक्रीटचा क्रूस आडवा पडलाय, तिकडे फारसं कुणी फिरकत नाही. हॉटेलातल्या बाईंनी तर आम्हाला स्पष्टच विचारलं, ‘तिथे कशाला जाताय?’ माझं मत ऐकाल तर जाच. ती वास्तू सुंदर आहे असं मी अजिबात म्हणणार नाही, पण इतकी हट्टी इमारत मी दुसरी पाहिलेली नाही.

नाव ‘फारो आ कोलोन’, म्हणजे कोलंबसाचं दीपगृह. दीपगृह म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर उभा मनोरा येतो. इथे मनोरा नाहीच. सुमारे २१० मीटर लांबीचा क्रूस जमिनीवर झोपवलाय आणि तो पायऱ्यापायऱ्यांनी मधोमध उंच होत जातो. माथ्यावर दीडशेहून अधिक प्रखर झोत बसवले आहेत. ते सगळे एकदम लावले की आकाशात ढगांवर प्रकाशाचा क्रूस उमटतो. हल्ली ते क्वचितच लावतात, त्यामुळे रात्री मुद्दाम त्यासाठी जाऊ नका. उद्घाटनाच्या काळात आजूबाजूच्या वस्त्यांमध्ये तासन्‌तास वीज नसायची आणि इथे मात्र आभाळ उजळायचं. लोकांच्या मनातला तो राग अजून गेलेला नाही. आमचा टॅक्सीवाला जाताना सगळा वेळ त्यावरच बोलत होता.

कल्पना फार जुनी, एकोणिसाव्या शतकातली. १९२० च्या दशकात अमेरिका खंडातल्या देशांनी मिळून स्मारक उभारायचं ठरवलं आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धा घेतली. साडेचारशेहून जास्त आराखडे आले. अंतिम निवड १९३१ मध्ये रिओ द जानेरोला झाली, परीक्षकांत खुद्द विख्यात अमेरिकन वास्तुकार फ्रँक लॉइड राइट होते, आणि जिंकला कोण, तर विशीतला एक ब्रिटिश तरुण, जोसेफ ली ग्लीव्ह. त्यानंतर सगळं थंड. वर्गणीसाठी १९३७ मध्ये चार विमानांनी दक्षिण अमेरिकेचा दौरा काढला. त्यातल्या तीन क्यूबन विमानांना कोलंबसाच्या जहाजांची नावं दिली होती आणि ती तिन्ही कोलंबियात कालीजवळ कोसळली. हुकूमशहा त्रुहियोच्या काळात पायाभरणी झाली, तीही तिथेच थांबली. ग्लीव्ह १९६५ मध्ये वारला. त्याने आपली इमारत कधी पाहिलीच नाही.

काम खरं सुरू झालं १९८६ मध्ये, राष्ट्राध्यक्ष होआकिन बालागेर यांच्या कारकिर्दीत. हे गृहस्थ तेव्हा ऐंशीच्या घरात आणि जवळजवळ पूर्ण अंध. अंध माणसाने दीपगृह बांधावं, यावर तिथे आजही विनोद चालतात. कोलंबसाच्या पहिल्या सफरीला ५०० वर्षं होत होती, त्या मुहूर्तावर ऑक्टोबर १९९२ मध्ये उद्घाटन झालं. खर्च सुमारे ७ कोटी डॉलर झाला, असं सांगतात. जागा मोकळी करायला कितीतरी कुटुंबं उठवली आणि उरलेली झोपडपट्टी पाहुण्यांच्या नजरेआड राहावी म्हणून भिंत बांधली. गावकऱ्यांनी तिचं नाव ठेवलं ‘लाजेची भिंत’. आपल्याकडेही परदेशी पाहुणे यायचे असले की वस्त्यांपुढे हिरवं कापड टांगतात. तेव्हा हसू नये.

आता आत. तिकीट स्वस्त आहे, दीड-दोन डॉलरच्या आसपास, पण सुटे पेसो जवळ ठेवा. सोमवारी बंद. सकाळी नऊला उघडतं, आणि आम्ही मुद्दाम मधल्या वारी उघडता उघडताच गेलो, ते बरं झालं. दहानंतर शाळांच्या सहली येतात आणि काँक्रीटमध्ये तो कलकलाट असा घुमतो की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. शिवाय ऊन. सगळीकडे फरशी आणि काँक्रीट, झाड म्हणाल तर बाहेरच्या बागेत. टोपी, पाण्याची बाटली आणि चांगल्या तळाचे बूट, एवढं हवंच.

दारातून शिरल्यावर दोन्ही बाजूंना कलत्या उंच भिंती आणि मधून लांबच लांब वाट. वर छप्पर नाही, चिंचोळी फट आहे. तिच्यातून उन्हाचा पट्टा खाली येतो आणि आपण चालतो तसा भिंतीवरून सरकत राहतो. जवळ जाऊन भिंत बघा. दूरवरून करडी, गुळगुळीत वाटते, पण पावसाच्या पाण्याचे काळे ओघळ वरपासून खालपर्यंत उतरलेत, सांध्यांत शेवाळ धरलंय, आणि एका ठिकाणी भेगेतून चक्क पिंपळासारखं काहीतरी रोपटं डोकावत होतं. पाऊस आला तर ही वाट भिजते, छत्री असलेली बरी. आमच्या मेव्हण्यांना हे सगळं एखाद्या अर्धवट राहिलेल्या धरणाच्या बोगद्यासारखं वाटलं, आणि मला तेच आवडलं. कुठेही गोडवा नाही, दाखवण्यासाठी केलेला नाजूकपणा नाही.

वाटेच्या मध्यावर, क्रूसाच्या दोन भुजा मिळतात तिथे, समाधी. आणि इथे एकदम शैली बदलते. रुक्ष काँक्रीटच्या पोटात पांढऱ्या संगमरवराची, कोरीव मनोऱ्यांची, ब्राँझच्या मूर्तींची एक नटवी रचना. ती मुळात या इमारतीसाठी केलेलीच नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्पॅनिश कलाकारांनी ती सांतो दोमिंगोच्या कॅथेड्रलसाठी घडवली आणि १९९२ मध्ये उचलून इथे आणली. पांढऱ्या गणवेशातले नौदलाचे पहारेकरी तिच्याशेजारी उभे असतात. आम्ही होतो तेव्हा त्यातल्या एकाच्या कानाशी डास घोंगावत होता आणि तो बिचारा पापणीही न हलवता सोसत होता. फोटो काढायला मनाई नाही, पण दोरीच्या आत हात घालू नका.

आतल्या पेटीत कोण आहे, हा खरा प्रश्न. कोलंबस १५०६ मध्ये स्पेनमध्ये वायादोलिदला वारला. अस्थी तिथून स्पेनमधल्याच सेव्हिलला, मग सोळाव्या शतकात त्याच्या कुटुंबाच्या इच्छेनुसार इथल्या कॅथेड्रलमध्ये. १७९५ मध्ये स्पेनने हा भाग फ्रान्सला दिला, तेव्हा स्पॅनिशांनी कोलंबसाच्या म्हणून समजल्या गेलेल्या अस्थी हवानाला हलवल्या. १८९८ मध्ये क्यूबाही हातची गेली, म्हणून पुन्हा सेव्हिलला. मेल्यावर माणूस जिवंतपणी केला त्याच्या तोडीस तोड प्रवास करत राहिला. पण मधेच, १८७७ मध्ये, सांतो दोमिंगोच्या कॅथेड्रलमध्ये दुरुस्ती चालू असताना शिशाची एक पेटी सापडली. तिच्यावर कोरलं होतं, ‘थोर आणि नामवंत पुरुष, डॉन क्रिस्तोबाल कोलोन’. डॉमिनिकन मंडळींनी जाहीर केलं की स्पॅनिशांनी भलत्याच अस्थी नेल्या, खरा इथेच आहे.

स्पॅनिश शास्त्रज्ञांनी सेव्हिलच्या अस्थींची डीएनए चाचणी केली, कोलंबसाच्या भावाच्या अस्थींशी जुळवली आणि २००६ मध्ये, मग पुन्हा २०२४ मध्ये सांगितलं की सेव्हिलचा कोलंबस खरा. डॉमिनिकन सरकारने मात्र इथली पेटी चाचणीसाठी उघडू दिलेली नाही. गंमत अशी की सेव्हिलला अस्थी म्हणून आहेत त्या मूठभर तुकडे. तेव्हा काही तिकडे, काही इकडे, असंही असू शकतं. आमच्या वाटाड्याला हा प्रश्न विचारला तर तो म्हणाला, ‘सेव्हिलला नातेवाईक असतील, साहेब इथेच आहेत.’ आणि ‘साहेब’सुद्धा नाही, तो ‘एल अल्मिरांते’, म्हणजे ‘दर्यासारंग’ म्हणाला. कोलंबसाचं नाव तोंडाने घेतलं की ‘फुकू’ लागतो, साडेसाती मागे लागते, असा इथे समज आहे. विमानं पडली ती त्यामुळेच. उद्घाटनाच्या ऐन तोंडावर बालागेरांची बहीण गेली, तीही त्यामुळेच. तुम्हीही गावात बोलताना अल्मिरांतेच म्हणा. समोरचा हसतो आणि बोलायला लागतो.

समाधीपासून दोन्ही बाजूंच्या दालनांत संग्रहालय आहे. अमेरिका खंडातल्या देशांना, स्पेनला आणि जपानसारख्या काही दूरच्यांनाही एकेक खोली. यावर फार वेळ घालवू नका. कुठे पर्यटन खात्याची भित्तिचित्रं, कुठे बाहुल्या. पाट्या जवळपास सगळ्या स्पॅनिशमध्ये, म्हणून फोनवर भाषांतराचं ॲप आधीच उतरवून ठेवा, आत नेटवर्कचा भरवसा नाही. पोपची गाडी तेवढी बघण्यासारखी. १९९२ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे इथे आले होते आणि त्यांनी या इमारतीसमोर मोठा मिस्सा, म्हणजे ख्रिस्ती सामूहिक प्रार्थनाविधी, म्हटला होता.

मला सगळ्यात जास्त खटकलं ते वेगळंच. ज्या शहरात हे स्मारक आहे तिथेच १५०० मध्ये कोलंबसाला बेड्या घालून स्पेनला पाठवलं होतं, कारण त्याच्या कारभाराच्या तक्रारी राजापर्यंत गेल्या होत्या. दोन वर्षांनी तो परत आला तर गव्हर्नरने त्याला बंदरात शिरू दिलं नाही. आणि बेटावरचे मूळ ताईनो लोक, त्यांचं काय झालं? काही दशकांत गुलामी, उपासमार आणि युरोपातून आलेल्या रोगांनी ते जवळजवळ संपले. स्मारकात त्यांच्यासाठी जागा आहे, पण कोपऱ्यातली. आपल्याला यात वेगळाच काटा टोचतो. हा माणूस भारत शोधायला निघाला होता आणि इथल्या लोकांना ‘इंडियन’ ठरवून मोकळा झाला. खरा भारत गाठला तो १४९८ मध्ये वास्को द गामाने. तोही कोचीला वारला, तिथे पुरला आणि पुढे त्याच्याही अस्थी पोर्तुगालला नेल्या. जुन्या गोव्याच्या व्हाइसरॉय कमानीवर त्याचा पुतळा अजून उभा आहे. दोघांनाही आपण ‘शोधक’ म्हणतो. सापडलेल्यांना विचारलं असतं तर काय म्हणाले असते, कुणास ठाऊक.

दिवस कसा आखायचा, ते सांगतो. दीपगृह ज्या मोठ्या उद्यानात आहे त्यातच, जवळ, ‘लोस त्रेस ओहोस’ नावाच्या चुनखडीच्या गुहा आहेत, आत निळ्याहिरव्या पाण्याची तळी. नाव ‘तीन डोळे’, पण तळी चार. चौथ्याकडे दोरीने ओढत नेणाऱ्या तराफ्यातून जावं लागतं, त्याचे वेगळे पैसे, पण जाच. दीपगृह सकाळी, ऊन चढलं की गुहांचा गारवा, असा क्रम ठेवा. पायऱ्या ओल्या आणि निसरड्या असतात, ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी वरूनच बघावं. दोन्ही मिळून अर्धा दिवस पुरतो.

जाण्यासाठी ॲपवरून उबर मागवा. जुन्या शहरातून सहज मिळते आणि भाव आधीच कळतो. रस्त्यावरच्या टॅक्सीला हात केलात तर बसण्याआधीच पैसे ठरवा. सार्वजनिक गाड्या आहेत, ‘गुआगुआ’ म्हणतात, पण स्पॅनिश येत नसेल तर घोळ होतो. परतताना मात्र दीपगृहाच्या मोकळ्या मैदानात गाडीची वाट बघत उन्हात तापू नका, गुहांच्या दारातून मागवा. तिथे कायम वर्दळ असते. संध्याकाळी चारनंतर पुलावर अशी कोंडी होते की सात किलोमीटरला तास जातो.

दुपारी जुन्या शहरात परत आलात की एवढं करा: समुद्राकाठी फादर मोंतेसिनोसचा भलामोठा पुतळा आहे, तोंडाशी हात नेऊन ओरडतोय असा. १५११ मध्ये या धर्मगुरूने इथल्याच चर्चमध्ये स्पॅनिश जमीनदारांना तोंडावर सुनावलं होतं, की ताईनोंवर असा जुलूम करायचा हक्क तुम्हाला कुणी दिला. दीपगृह बघितलं त्याच दिवशी हा बघितला तर दोन्ही नीट कळतात.

शाकाहारी मंडळींना खाण्याचा थोडा त्रास आहे. भात आणि राजम्यासारख्या घेवड्याची उसळ सगळीकडे मिळते, पण उसळीत मांसाचे तुकडे असू शकतात, विचारून घ्या. ‘मोफोंगो’ नावाचा कच्च्या केळ्याचा गोळा दिसायला शाकाहारी, आत मात्र डुकराची तळलेली चरबी. ‘तोस्तोनेस’, म्हणजे चेपून तळलेली कच्ची केळी, निर्धास्त खा. न्याहारीला ‘मांगू’ मागवा, उकडून कुस्करलेली केळी, वर परतलेला कांदा, फक्त सोबतचं सलामी काढायला सांगा. पॅशनफ्रूटचं सरबत ‘चिनोला’ नावाने मिळतं, साखर कमी सांगा.

शेवटी कागदपत्रं. आम्ही न्यू जर्सीहून गेलो. अमेरिकेचा वैध व्हिसा किंवा ग्रीन कार्ड असेल तर भारतीय पासपोर्टवर वेगळा व्हिसा लागत नाही, तरी निघण्याआधी दूतावासाचे ताजे नियम बघा. येताना आणि जाताना दोन्ही वेळा ‘ई-तिकीट’ हा ऑनलाइन फॉर्म भरावा लागतो, तो सरकारी संकेतस्थळावर फुकट आहे. त्यासाठी पैसे मागणाऱ्या नकली साइट्स शोधात वरच दिसतात, तिकडे कार्डाचा नंबर देऊ नका. ऑगस्ट ते ऑक्टोबर चक्रीवादळांचे महिने. डिसेंबर ते मार्च हवा उत्तम, पण विमानाची तिकिटं तेव्हा महाग, दोन महिने आधी काढली तर परवडतात.