तुम्ही विचारलंत म्हणून: आधी समजून घ्यावं की आधी जावं?

मी थेरपी घेतली हे आता लपवत नाही. त्यामुळे अधूनमधून कुणीतरी बाजूला घेऊन हळूच विचारतं, "आपल्याला नक्की काय होतंय ते आधी नीट समजून घ्यावं, मगच जावं. बरोबर ना?"

मलाही तसंच वाटायचं. त्यात माझे आठ महिने गेले.

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याचे हिशेब मी बघतो. मार्चअखेरच्या गडबडीत एका दुपारी छाती धडधडायला लागली, हात गार पडले, श्वास पुरेना. हार्ट अटॅकच, असं समजून मित्रानं दवाखान्यात नेलं. ईसीजी नॉर्मल, थायरॉइड नॉर्मल. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला फिजिशियन म्हणाले, "हृदय चांगलंय. मनाच्या डॉक्टरांना एकदा दाखवा." बाहेर आल्यावर मित्र म्हणाला, "वेड्याचा डॉक्टर कशाला बे तुला?" मित्र प्रेमाचा आहे. आमच्याकडे या गोष्टीला दुसरा शब्दच फारसा कुणी वापरत नाही.

मग मी वाचत सुटलो. डेव्हिड क्लार्क या मानसशास्त्रज्ञानं 1986 मध्ये पॅनिकचं, म्हणजे अचानक येणाऱ्या तीव्र भीतीच्या झटक्याचं, चक्र मांडलं, ते मला तोंडपाठ झालं: छाती जरा धडधडते, 'आता काहीतरी भयंकर होणार' असं मनात येतं, त्या भीतीनं धडधड आणखी वाढते, आणि वाढलेली धडधड पाहून भीती खरी वाटायला लागते. अगदी माझंच वर्णन. पण रात्री तीनला जाग यायची ती यायचीच. कारखान्याचा जिना चढताना धडधडेल म्हणून मी वरच्या गोदामात जाणं सोडलं, सिद्धेश्वर तलावाची फेरी सोडली, आणि त्या वर्षी गड्ड्याच्या यात्रेलाही गेलो नाही. वाचन वाढत होतं आणि माझं फिरणं आक्रसत होतं.

शेवटी गेलो तेव्हा गाडी दोन चौक अलीकडे लावली. सोलापुरात माणसाआधी त्याची गाडी ओळखतात. हातात टिपणांची वही होती. दहा मिनिटं मी त्यातलं वाचून दाखवलं. थेरपिस्ट मॅडमनी सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "काल रात्री जाग आली तेव्हा पहिल्यांदा काय मनात आलं?" वहीत ते कुठेच नव्हतं. मला जे आठवलं ते साधंच होतं: 'जीएसटीच्या आकड्यात चूक राहिली असेल, मालक उद्या ती सगळ्यांसमोर काढतील.'

माझ्याकडे सांगण्यासारखं मोठं दुःख नव्हतं, याचीच मला लाज वाटायची. ते लागत नाही. झोप कशी आहे, जेवण जातं का, काय काय करणं सोडलंत, एवढं सांगता आलं तरी पहिल्या दिवसाला पुष्कळ आहे. त्रासाला नाव देणं हे थेरपिस्टचं काम.

पुढे त्यांनी मला मुद्दाम जिने चढायला लावले. आधी फिजिशियनचा होकार घेतला, मग तीन मजले, भरभर. छाती धडधडू द्यायची, बसायचं नाही, पाणी प्यायला धावायचं नाही, आपोआप ओसरेपर्यंत थांबायचं. पहिल्या दिवशी मी रडलो. विसाव्या-पंचविसाव्या खेपेला लक्षात आलं की धडधड होते आणि जाते. क्लार्कचं चक्र मला खऱ्या अर्थानं त्या जिन्यात कळलं. म्हणून वाचू नका असं मी म्हणत नाही. वाचा, पण अपॉइंटमेंट घेऊन वाचा.

कुणाकडे जायचं याचाही गोंधळ असतो. मानसोपचारतज्ज्ञ वैद्यकीय डॉक्टर असतात, ते औषध देऊ शकतात. बोलून उपचार करणारे चिकित्सा मानसशास्त्रज्ञ असतील, तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का हे सरळ विचारा, चांगला माणूस रागावत नाही. पैशांची अडचण असेल तर आपल्या सिव्हिलची ओपीडी आहे. घराबाहेर पडणंच जमत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास चालतो, मोफत आहे, आणि मराठीत बोलता येतं. 'गावभर होईल' ही भीती असेल, तर 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं तुमची माहिती गुप्त राहण्याचा हक्क तुम्हाला दिलाय. आणि जगणं नको वाटत असेल, तर कृपा करून माझा लेख संपेपर्यंतही थांबू नका. आत्ता तो नंबर लावा, घरातल्या एकाला जवळ बसवा.

मागच्या महिन्यात असंच विचारणाऱ्या एकाला म्हटलं, चला, मी येतो बरोबर. ते आत गेले. मी बाहेर बाकावर बसून राहिलो. पाऊण तासानं बाहेर आले, चेहरा धुतलेला होता. म्हणाले, "पुढचा मंगळवार दिलाय."