बोटभर पाणी

मंगळवार, रात्र

दुपारी पाळकसाहेबांचा फोन. "ताई, रविवारी पाच मिनिटं साक्ष द्याल ना? मंडळीने तुमच्यासाठी एवढी प्रार्थना केली." साक्ष म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते मंडळीपुढे, चर्चमधल्या सगळ्यांपुढे, उभं राहून सांगायचं. नाही कसं म्हणणार? हो म्हटलं आणि तेव्हापासून डोक्याला भुंगा लागलाय. पित्ताशय काढलं, तेही दुर्बिणीतून. तिसऱ्या दिवशी घरी आले, आठवड्याने वरणभात खायला लागले. यात उभं राहून सांगायचं काय? देवाचे आभार मानते, मनापासून मानते, पण माइक हातात घेतला की आपोआप सगळं फुगतं. डॉक्टर "काळजी नको" म्हणाले होते, त्याचं "डॉक्टरांनी हात टेकले होते" कधी होऊन जातं ते कळत नाही.

संध्याकाळी चष्मा लावून शब्दाच्याच मागे लागले. बायबलच्या जुन्या करारात साक्षीदाराला हिब्रूत 'एद' म्हणतात आणि साक्षीला 'एदूत'. आपला 'साक्षी' डोळ्यातून आलेला, अक्षि म्हणजे डोळा. पाणिनीनेसुद्धा साक्षी म्हणजे प्रत्यक्ष पाहणारा असंच सांगून ठेवलंय. हिब्रू शब्दात डोळा नाही. त्याचं मूळ आयिन-वाव-दालेत या तीन अक्षरांत धरतात, आणि 'पुन्हा, अजून' अशा अर्थाचा रोजचा 'ओद' हा शब्दही त्याच घरातला. म्हणजे पाहणारा नव्हे, पुन्हा पुन्हा म्हणणारा. इथे मी थबकले. का, ते पुढे लिहिते.

त्यातल्या उत्पत्ती या पुस्तकाच्या ३१व्या अध्यायात लाबान आणि याकोब, म्हणजे सासरा-जावई, भांडणानंतर दगडांची रास रचतात आणि तिलाच साक्षीदार ठरवतात. दगडाला कुठले डोळे? पण रास तिथेच राहणार, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसत राहणार. याकोब तिला हिब्रूत 'गलेद' म्हणतो, साक्षीची रास. लाबान त्याच अर्थाने अरामीत 'यगर-सहादूथा' म्हणतो. त्या सहादूथाचा अरबी भाऊ म्हणजे शहादत. आपल्याकडे 'शहीद' आला तो याच कुळातून. ग्रीकमध्येही साक्षीदाराला 'मार्तिस' म्हणत, आणि पुढे त्याचाच अर्थ हुतात्मा झाला.

मग निर्गम २५ उघडलं. मोशेला सांगितलंय की मी देईन ती एदूत कोशात, म्हणजे पेटीत, ठेव. आपल्या पवित्र शास्त्रात तिथे 'साक्षपट' आहे. दहा आज्ञांच्या त्या दोन दगडी पाट्या. पेटीला नाव साक्षपटाचा कोश, तंबूला नाव साक्षीचा निवासमंडप. आणि ही साक्ष कुणाला दाखवायची नव्हतीच! पेटीवर झाकण, पेटीपुढे पडदा, पडद्याआड वर्षातून एकदा एकट्या प्रमुख याजकाने जायचं. माइक तर दूरच.

स्तोत्रांत हाच शब्द आला की आपल्या भाषांतरात 'निर्बंध' होतो. "परमेश्वराचा निर्बंध विश्वसनीय आहे, तो भोळ्यांना समंजस करतो," स्तोत्र १९. लहानपणी हे पाठ होतं, अर्थ कळायचा नाही. जुन्या मराठीत निर्बंध म्हणजे नियम, कायदा. आता निर्बंध म्हटलं की लॉकडाऊनच आठवतो. भाषांतर चूक म्हणवत नाही, कारण देवाने आपल्याला बजावून ठेवलेली गोष्ट हाही एदूतचा अर्थ आहेच. पण निर्बंध आणि साक्ष हे मुळात एकच, हे कळायला मला पन्नाशी उलटावी लागली.

आणखी एक गोष्ट फार आवडली. "हे इस्राएला, श्रवण कर" हे अनुवाद ६:४ मधलं वचन तोराच्या, म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथाच्या, गुंडाळीवर लिहिताना पहिल्या शब्दाचं शेवटचं अक्षर आणि शेवटच्या शब्दाचं शेवटचं अक्षर मोठं काढतात. आयिन आणि दालेत. जोडून वाचलं की 'एद'. आपल्या कोकणातले ज्यू, बेने इस्राएल, तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून 'शनवार तेली' म्हणवले गेलेले, ते हिब्रू जवळजवळ विसरले होते, पण हे 'शमा', म्हणजे 'श्रवण कर'ने सुरू होणारं हेच वचन, त्यांच्या तोंडी राहिलं होतं, असं सांगतात. पिढ्यान् पिढ्या तेच एक वाक्य.

आणि इथे आजी आठवली. आमच्या गावच्या सभेत ती दरवर्षी साक्ष द्यायची, आणि दरवर्षी तीच. "बहात्तरच्या दुष्काळात आमच्या आडात बोटभर पाणी उरलं..." इथे थांबायची, पदराबाहेर हात काढून बोट दाखवायची, मग "...पण आटलं नाही." बसायची. आम्ही पोरं मागच्या चटईवर ओठ हलवत तिची नक्कल करायचो आणि बोट दाखवायच्या वेळी खुसखुसायचो. एकदा मी विचारलंही, "आजी, दुसरं काही सांग की." ती म्हणाली, "दुसरं कशाला? हे खोटं झालं का?" मला तेव्हा ते आडमुठेपणाचं वाटलं होतं.

रविवारी पित्ताशयाऐवजी आजीचा आडच सांगावा असं मनात आलं. शब्द नीट आठवावेत म्हणून आत्ता नाशिकला चुलतभावाला फोन लावला. तो जेवत होता. म्हणाला, "बोटभर? छे, अगं वीतभर म्हणायची ती. हात असा पसरून दाखवायची." मी म्हटलं बोट. तो म्हणाला वीत. अनुवाद १९:१५ मध्ये दोन किंवा तीन साक्षीदारांच्या तोंडून गोष्ट पक्की व्हावी असं आहे. आमचे दोघांचेच जमेना.

उद्या सकाळी आत्याला विचारते.